दर महिन्याला सुरू करतो, तरी पहिल्या बर्फाला गाडी रुसतेच

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: त्यांनी आणि त्यांच्या दाजींनी तीन वर्षांपूर्वी निम्मे-निम्मे पैसे घालून एक जुनी स्नोमोबाइल घेतली, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी ट्रॅक असलेली, बर्फावर पळणारी गाडी. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली. गाडी असते वाचकांच्या शेडमध्ये, फिरवतात मात्र बहुतेक वेळा दाजी. बर्फ गेल्यावर वाचक तिच्यावर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधतात आणि न चुकता दर महिन्याला दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवतात. एवढं करूनही सलग तीन वर्षं पहिल्या बर्फाला गाडी सुरू झाली नाही. दरवेळी मेकॅनिककडे रांग, कार्ब्युरेटरची सफाई, नवी बॅटरी. मागच्या मोसमापासून हळू चालवताना ठरावीक लयीत धक्केही बसायला लागलेत. दाजी म्हणतात, "गाडी तुझ्याकडे असते आणि तुझंच लक्ष नसतं." बहीण दोघांच्या मधे अडकली आहे. वाचक विचारतात: "वर्षभर काळजी घेऊनही असं होत असेल तर गाडीच खराब आहे का? विकून टाकावी, दरवर्षी मेकॅनिकच्या स्वाधीन करावी, की माझंच काही चुकतंय? आणि दाजींशी बोलायचं कसं?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी पूर्णपणे तुमच्या बाजूने होते. दुसऱ्यांदा वाचताना गाडीची कीव आली. तुमचं लक्ष नाही हे दाजींचं म्हणणं काही खरं नाही. लक्ष आहे, भरपूर आहे, पण त्यातलं बरंचसं गाडीला बाधतंय. राग मानू नका. मी स्वतः पहिली दोन वर्षं हेच करत होते, अगदी ताडपत्रीसकट.

आधी ती दर महिन्याची दहा मिनिटं घेऊ, कारण तुमचा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. लांबच्या फेरीत इंजिन चांगलं तापलेलं असतं, तेव्हा हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही. जागेवर उभं राहून दहा मिनिटं फटफटणारी गाडी मात्र सायलेन्सरच्या टोकापर्यंत नीट तापतच नाही. ओलावा आतल्या थंड धातूवर बसतो, आणि तुम्ही समाधानाने इंजिन बंद करून शेडला कडी लावता. टू-स्ट्रोकला हे जास्त भोवतं. फोर-स्ट्रोकच्या पोटात तेल भरलेलं असतं. टू-स्ट्रोकच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला, पेट्रोलच्या जोडीने जे तेल येईल त्यावरच भागवावं लागतं. गाडी उभी राहिली की तो थर हळूहळू निथळतो आणि बेअरिंग गंजाला मोकळं सापडतं.

दुसरं, कार्ब्युरेटर. प्रत्येक वेळी सुरू करता तेव्हा त्याच्या वाटीत नवं पेट्रोल येतं. गाडी बंद झाली की ते तिथेच उडून जातं आणि मागे चिकट, पिवळसर रोगण उरतं. त्यातल्या पायलट जेटचं, म्हणजे इंजिन हळू फिरताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यात असे सहा-सात थर दिल्यावर पहिल्या बर्फाला काय होणार? मेकॅनिकने दरवर्षी कार्ब्युरेटर साफ केला, असं तुम्हीच लिहिलंय. गाडी तीन वर्षं तुम्हाला हेच सांगत होती.

बॅटरीचंही तेच. थंड इंजिन फिरवायला जेवढा करंट गेला तेवढा आयडलवरच्या दहा मिनिटांत बहुतेकदा परत येत नाही. दर महिन्याला थोडी थोडी उपाशी राहिलेली बॅटरी हिवाळ्यापर्यंत मरते. आणि हे सगळं शेडचं दार ओढून घेऊन करत असाल, तर गाडीचं राहू द्या, आधी स्वतःचा जीव सांभाळा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. इंजिन उघड्यावरच सुरू करायचं, पाऊस असला तरी.

आता तुमच्या "वर्षभर काळजी" या शब्दांकडे येते. स्नोमोबाइलला बारा महिने काळजी लागतच नाही. तिला मोसम संपताना एक पूर्ण दुपार लागते, बर्फ पडायच्या महिनाभर आधी दोन-तीन तास लागतात, आणि मोसमात प्रत्येक फेरीनंतर पाच मिनिटं. मधल्या महिन्यांत तिला कोणी हात न लावणं, हीच तिची सेवा. तुम्ही ती दुपार एकदाही दिलेली नाही आणि उन्हाळाभर तिची झोप मात्र मोडत राहिलात.

तर ती दुपार. शेवटच्या फेरीनंतर आठवड्याभरात धरा, "बघू पुढच्या महिन्यात" नको. गाडी धुवा, विशेषतः ट्रेलरवरून बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्याने आणली असेल तर. मीठ अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि इंजिन थंड ठेवणारे तिचे कूलर अ‍ॅल्युमिनियमचे असतात. प्रेशरची नळी बेअरिंगवर आणि सीलवर रोखू नका, पाणी आत घुसतं. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या.

मग टाकी. ताजं पेट्रोल जवळपास काठोकाठ भरा, त्यात पेट्रोल बिघडू न देणारं स्टॅबिलायझर टाका, प्रमाण बाटलीवर असतं. टाकी अर्धी ठेवली की वरच्या रिकाम्या हवेतला ओलावा आत उतरतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर पाणी ओढूनच घेतं. उन्हाळ्यात ते पाणी पेट्रोलमध्ये मुरलेलं असतं, दिसत नाही. थंडी पडली की पेट्रोलची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते आणि पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, नेमका जिथून इंजिन ओढतं तिथे. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर साठवणीसाठी तेच घ्या.

स्टॅबिलायझर टाकल्यावर गाडी उघड्यावर पाच-दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. "मग हीही दहा मिनिटंच की!" असं म्हणाल. हो, पण या दहा मिनिटांच्या शेवटी फॉगिंग, म्हणजे इंजिनच्या आत तेलाची फवारणी, आहे, आणि सगळा फरक तिथेच आहे. फॉगिंग ऑइल स्प्रेच्या डब्यात मिळतं. इंजिन चालू असतानाच ते कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत मारायचं, दोन्हीकडे सारखं. आधी आवाज जड होतो, मग मागून पांढरानिळा धुराचा लोट निघतो, इंजिन आचके द्यायला लागतं. थांबू नका, बंद पडत आलं की स्विच बंद. त्या धुराचा अर्थ असा की तेल क्रँकपासून सिलिंडरपर्यंत सगळीकडे फिरलंय. मग दोन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल मारा, स्विच बंदच ठेवून दोरी दोन-चारदा हळू ओढा, प्लग परत लावा. शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करा. इंजेक्शनवाल्या गाड्या असलेल्या वाचकांनी हे असंच्या असं करू नये. त्यांतल्या काहींना साठवणीसाठी वेगळा मोड दिलेला असतो, तो मॅन्युअलमध्ये बघा. फोर-स्ट्रोकवाल्यांनी ऑइल मोसम संपतानाच बदलावं. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी असतं, ते उन्हाळाभर पोटात कशाला ठेवायचं?

आता बॉनेट उघडलंच आहे तर इंजिनची ताकद एका क्लचवरून दुसऱ्यावर नेणारा पट्टा काढा. तुमचे ते लयीतले धक्के मला इथे सापडतील असं वाटतंय. पट्टा हातात घेऊन बोटांच्या चिमटीतून पूर्ण फेरी फिरवा. एका जागी तो अरुंद लागेल, कडा चकाकत असतील, कदाचित काळपट जळकी खूण असेल. गाडी रात्रभर ओल्या बर्फात उभी राहिली की ट्रॅक जमिनीला गोठून चिकटतो. सकाळी कोणी न बघता थ्रॉटल दाबला की पुढचा क्लच फिरतो, ट्रॅक जागचा हलत नाही, आणि पट्टा एकाच ठिकाणी घासून जळतो. पुढे तो भाग क्लचमधून जाताना दर फेरीला एक धक्का. असा पट्टा बदलायचाच असतो. बरा असेल तर कोरड्या जागी सपाट ठेवा आणि परत लावताना बाणाची दिशा जुळवा. काढून ठेवल्याने क्लचच्या तोंडांवर ओलावा अडकत नाही. ती तोंडं स्वच्छ कापडाने ब्रेक क्लीनर लावून पुसा. तिथे तेल-ग्रीसचा थेंबही नको, पट्टा घसरायला लागेल.

चेनकेसचं, म्हणजे ट्रॅक फिरवणारी चेन ज्या पेटीत असते तिचं, ऑइल दरवर्षी बदला. फार थोडं लागतं. निचऱ्याच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट चालते. नखाला टोचतील असे तुकडे आले तर चेन किंवा गिअर बघायला हवेत. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. चेनचा ताणही तेव्हाच बघून घ्या.

ग्रीस मारायचं काम मला या सगळ्यात सगळ्यात आवडतं. मागच्या सस्पेंशनच्या प्रत्येक निपलला गन लावा आणि दाबत राहा. आधी बाहेर येतं ते काळं, गाळ मिसळलेलं. मधेच पाण्याचे दोन-तीन टपोरे थेंब सुटतात, आणि मग स्वच्छ ग्रीस. ते थेंब आत राहिले असते तर पुढच्या वर्षी तो शाफ्ट हातोड्याने काढावा लागला असता.

कूलंट आणि ब्रेक ऑइलचं वेळापत्रक मॅन्युअलमध्ये असतं, साधारण दोन-एक वर्षांनी बदलायचं. कूलंटबद्दल एकच सांगते, कारण ही चूक हौसेने होते. निम्मं ग्लायकॉल, निम्मं शुद्ध पाणी, हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. जास्त थंडी आहे म्हणून नुसतं ग्लायकॉल ओतलं तर ते उणे १२-१३ अंशांतच गोठायला लागतं.

बॅटरी बाहेर काढा आणि मेंटेनर चार्जरला लावा. तो नसेल तर महिन्यातून एकदा चार्ज करा. दर महिन्याला काहीतरी करायची तुमची हौस इथे भागेल! चार्जिंगनंतर काही तास थांबून मोजलं तर १२.६ व्होल्टच्या वर दिसायला हवं. पूर्ण चार्ज बॅटरी कडाक्याच्या थंडीत गोठत नाही; उतरलेली शून्याखाली सात-दहा अंशांतच गोठून फुटू शकते.

आता ताडपत्री. माझ्या गाडीवर एक निळी होती, दोरीने गच्च आवळलेली. शरद ऋतूत काढली तेव्हा आतून घाम फुटल्यासारखी ओली होती, क्लचवर तांबूस गंज चढलेला, आणि सीटच्या कोपऱ्यात मुठीएवढं भोक. सीटमधला फोम सापडला इंजिनला हवा पुरवणाऱ्या एअरबॉक्समध्ये, छान गोल घरटं केलेलं. उंदरीण बहुधा मीच दार वाजवल्यावर निघून गेली असावी. इंजिन तसंच सुरू केलं असतं तर तो फोम सरळ कार्ब्युरेटरमध्ये गेला असता. तेव्हापासून हवा खेळेल असं कापडी कव्हर घालते, आणि एअरबॉक्सचं तोंड व सायलेन्सरचं टोक बारीक तारेच्या जाळीने बंद करते. जाळी लावली की हँडलला एक लाल चिंधी बांधायची, नाहीतर मोसमाच्या सुरुवातीला आपणच ती विसरतो. चिंधी हँडलवर आहे तोवर इंजिनला हात नाही, हा नियम दाजींनाही सांगा.

गाडी मातीवर किंवा गवतावर उभी नको, खालून ओल येते. मागची बाजू स्टँडवर उचला, म्हणजे ट्रॅक अधांतरी राहतो आणि स्प्रिंगांवरचं ओझं जातं. ऊन थेट पडत असेल तर ट्रॅक झाका. रबराचा सलग ट्रॅक हाच या गाडीचा प्राण. १९५९ मध्ये क्युबेकच्या जोसेफ-आर्मां बाँबार्दिए यांची स्की-डू बाजारात आली ती अशाच हलक्या रबरी ट्रॅकवर. उन्हाने रबर कडक झालं की मग भेगा पडतात.

बर्फ पडायच्या आधीचे दोन-तीन तास सोपे आहेत. जाळ्या काढा, पट्टा आणि बॅटरी लावा, नवे प्लग घाला. स्कीखालचे कार्बाइड, म्हणजे वळताना बर्फात रुतणारे कठीण धातूचे तुकडे, बोटाने चाचपा, गुळगुळीत झाले असतील तर वळणावर गाडी सरळच जाईल. मागच्या रुळांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे हायफॅक्स, झिजेच्या खुणेपर्यंत आल्यात का बघा. ट्रॅकचा ताण मॅन्युअलमधल्या वजनाने आणि मापाने तपासा. सैल ट्रॅक दात सोडतो, फार घट्ट ट्रॅक हायफॅक्स खातो. आणि थ्रॉटल दाबून सोडा, तो खटकन मागे यायला हवा. अडखळत आला तर काहीही झालं तरी निघू नका.

हे झालं तुमच्या बाजूचं. दाजींचा वाटा मात्र मोसमात आहे आणि तो लहान नाही. हायफॅक्सला वंगण कोण देतं? बर्फ. तुमच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे कूलर कशाने थंड होतात? ट्रॅकने उडवलेल्या बर्फाने. पहिल्या पातळशा थरावर किंवा कडक, चकचकीत बर्फावर गाडी पळवली की दोन्ही गोष्टी एकदम तुटतात: खाली प्लास्टिक वितळतं, वर तापमानाचा दिवा लागतो. रुळांना स्क्रॅचर बसवून घ्या, ते कडक बर्फ खरवडून वर उडवतात. तरीही बर्फ पुरेसा साठेपर्यंत थांबणं स्वस्त पडतं. थंडीत सुरू केल्याबरोबर पिळायचीही नाही. पिस्टन लवकर तापून फुगतो, सिलिंडर अजून गार असतो, आणि दोघे एकमेकांना चिकटतात. ट्रॅकवरच्या कूलरला हात लावून ऊब जाणवली की निघा. फेरीहून आल्यावर बर्फ झटकायचा आणि गाडी दोन फळ्यांवर उभी करायची, म्हणजे ट्रॅक चिकटणार नाही. सकाळी आधी मागची बाजू उचलून खाली आपटायची, मगच थ्रॉटल. ट्रॅक अधांतरी फिरवणार असाल तर मागे कोणी उभं नको, आतून दगड-बर्फ गोळीसारखा सुटतो.

विकायची की ठेवायची, हे चिडून ठरवू नका. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या: इंजिन गरम, दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. दोन सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला, किंवा दोन्ही मॅन्युअलपेक्षा बरेच खाली असले, तर वरचं इंजिन उघडावं लागेल आणि तेव्हा विकण्याचा विचार रास्त आहे. आकडे जवळजवळ आले तर गाडी धडधाकट आहे. दरवर्षी सगळंच मेकॅनिकला द्यावं असं मला वाटत नाही. वर लिहिलेलं बहुतेक काम पाना, ग्रीस गन आणि मॅन्युअल यांत भागतं. क्लच उघडणं, शॉकचं तेल, क्रँकचा आवाज, एवढं त्याच्याकडे. पण ते वसंतात द्या. पहिल्या बर्फाला सगळं गाव त्याच्या दारात असतं.

दाजींशी बोलताना जळालेल्या पट्ट्यापासून सुरुवात करू नका. तो पुरावा तुमच्या हातात आहे हे मला माहीत आहे, आणि मोह होईल. पण दहा मिनिटांचा घोळ तुमचाही आहे, तोही त्याच दिवशी टेबलावर येईल आणि पुन्हा बहिणीला निवाडा करावा लागेल. त्यापेक्षा सरळ म्हणा, "दाजी, मी उन्हाळ्यात गाडी चुकीची ठेवत होतो. रविवारी दुपारी या, मागची बाजू स्टँडवर घ्यायला दोन माणसं लागतात." खोटं नाही त्यात काही, दोनशे किलोच्या वरची गाडी एकट्याने उचलून कंबर धरून बसाल. बॉनेट उघडल्यावर पट्टा त्यांनाच काढू द्या. बोटांतून फिरवताना ती अरुंद जागा त्यांनाच लागेल, आणि तिथे काय झालं असेल हे तुम्ही सांगायची गरज पडणार नाही.

शेडच्या भिंतीला एक वही अडकवा. कोणी फिरवली, किती किलोमीटर, परत आल्यावर काय आवाज येत होता, ग्रीस कधी मारलं. दोन ओळींपेक्षा जास्त लिहायचं नाही.

ताडपत्री मात्र टाकून देऊ नका. चेनकेसचं तेल काढताना खाली अंथरायला तिच्यासारखं काही नाही.